दुपारी चारला १,९०० पीपीएम: ऑफिसमधली ताजी हवा कुठे अडते आणि ती कशी सोडवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात खराडीला एका इमारतीत पाचव्या मजल्यावर १०,००० चौरस फूट कार्पेट एरियाचं ऑफिस, १२० माणसं, सेंट्रल एसी, दोन एएचयू (हवा थंड करून ऑफिसभर फिरवणारी मोठी यंत्रं). दुपारनंतर सगळ्यांना जडपणा येतो, डोकं धरतं. पावसाळ्यात कुबट वास येतो. कार्बन डायऑक्साइडचं मीटर दुपारी चारला १,९०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १,९००) दाखवतं. सहा एअर प्युरिफायर आणले, आकडा हलला नाही. इमारतीचे लोक सांगतात की फ्रेश एअर चालूच आहे. आता डक्ट साफ करून घ्यावेत की हवेत आयन सोडणारा आयोनायझर बसवावा?

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. आधी बाहेरची हवा आत किती येते ते मोजा. बहुतेक ऑफिसांत ती आणणारी यंत्रणा बसवलेली असते, पण कुठेतरी बुजलेली, अडकलेली किंवा वीज वाचवायला मंद केलेली असते. ती मोकळी करायचा खर्च कुठल्याही नव्या उपकरणापेक्षा कमी येतो. मात्र पुण्या-मुंबईत बाहेरची हवा वाढवायची तर तिच्यातला ओलावा काढायची सोय त्याच वेळी करावी लागते, नाहीतर डोकेदुखी जाईल आणि भिंतीवर बुरशी येईल.

१,९०० हा आकडा काय सांगतो

एवढा कार्बन डायऑक्साइड विषारी नाही. आठ तासांच्या कामासाठी सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा ५,००० पीपीएम आहे. पण माणसांनी सोडलेली हवा किती साचली हे त्यावरून कळतं, आणि तिच्याबरोबर घाम, अत्तर, फर्निचरमधली रसायनं, सर्दीचे विषाणू असं सगळंच साचतं.

खुर्चीत बसून काम करणारा माणूस मिनिटाला साधारण ०.०११ घनफूट कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यातून एक सोपं गणित निघतं: आतला आणि बाहेरचा पीपीएम यांतल्या फरकाने ११,००० ला भागा, की माणशी किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) बाहेरची हवा मिळते ते कळतं. बाहेर ४३० धरले तर फरक १,४७०. म्हणजे माणशी साडेसात सीएफएम आणि १२० जणांना मिळून ९००.

आपल्याकडचे सल्लागार ज्या अ‍ॅशरे ६२.१ या अमेरिकी वायुवीजन मानकावर हिशेब करतात, त्यात ऑफिससाठी माणशी ५ सीएफएम अधिक दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम लागतात. तुमच्यासाठी ६०० अधिक ६००, म्हणजे १,२००. तुम्ही या किमान आकड्याच्याही खाली आहात, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्या मानकाने ऑफिससाठी गृहीत धरलेली दाटी १,००० चौरस फुटांत ५ माणसांची आहे. तिथे तोच हिशेब माणशी १७ सीएफएमवर जातो. तुमच्याकडे तेवढ्याच जागेत १२ माणसं बसतात, म्हणून माणशी फक्त १० सीएफएम येतात आणि सगळं नियमानुसार चालूनही दुपारचा आकडा १,५०० च्या पुढेच राहील. म्हणून "डिझाइनप्रमाणे आहे" या उत्तरावर थांबू नका. बाहेरच्यापेक्षा ६००-६५० पीपीएम जास्त, म्हणजे साधारण १,०५० ते १,१०० हे ध्येय धरा. त्यासाठी माणशी १७ या दराने एकूण २,००० सीएफएम लागतील.

आणि हे दुपारीच का होतं? ९ फूट उंची धरली तर तुमच्या जागेचं आकारमान ९०,००० घनफूट. ९०० सीएफएमने ते तासाला ०.६ वेळा बदलतं. अशा जागेत आकडा चढून स्थिरावायला पाचेक तास लागतात. साडेनऊला माणसं आली की अडीचच्या सुमाराला तो शिखरावर पोचतो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहतो. लोक जेवणाला दोष देतात, पण त्यात मोठा वाटा सकाळपासून साचलेल्या हवेचा असतो.

मोजायचं कसं

आधी मीटर तपासा. एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा) सेन्सर असलेलंच मीटर वापरा. स्वस्त मीटरांमध्ये वासाच्या सेन्सरवरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधलेला असतो. फिनाइल किंवा डिओडरंट जवळून गेलं तरी तो आकडा उडतो, त्याचा इथे उपयोग नाही. चांगलं मीटर गच्चीवर वाऱ्यात १५ मिनिटं ठेवा. ते ४२० ते ४५० दाखवायला हवं.

भिंतीवर कायमचे सेन्सर असतील तर एक सापळा आहे. बरेच सेन्सर आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं मानून स्वतःला आपोआप जुळवून घेतात. रात्रपाळी असलेल्या ऑफिसात आकडा कधीच बाहेरच्या पातळीला उतरत नाही, त्यामुळे सेन्सर हळूहळू कमी दाखवू लागतो आणि बीएमएसवर (इमारतीच्या नियंत्रण संगणकावर) सगळं हिरवं दिसतं. चोवीस तास चालणाऱ्या जागेत ही आपोआप जुळणी बंद करून दर सहा महिन्यांनी हाताने कॅलिब्रेशन करायचं. सेन्सर जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर, कोणाच्या तोंडासमोर नको आणि हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरखालीही नको.

आता हवेचं मोजमाप. सर्वांत भरवशाचा मार्ग फ्रेश एअरच्या डक्टमध्ये वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर घालण्याचा. सरळ तुकडा शोधा, डक्टच्या छेदाचे सारखे चौकोन पाडा, प्रत्येकाच्या मध्यावर वेग घ्या आणि सरासरी काढा. २४ बाय १२ इंचांच्या डक्टचं क्षेत्रफळ २ चौरस फूट. सरासरी वेग मिनिटाला ४५० फूट आला तर ९०० सीएफएम. बाहेरच्या जाळीदार लूव्हरवर मीटर टेकवून घेतलेला वेग यासाठी चालत नाही. पट्ट्यांमधली मोकळी जागा निम्म्याच्या आसपास असते आणि वेग जागोजागी बदलतो.

डक्टला हात लावू देत नसतील तर संध्याकाळचा उतार मोजा. सगळे गेल्यावर पंखे आणि फ्रेश एअर चालू ठेवून तासाच्या अंतराने दोन नोंदी घ्या. समजा आठला १,५०० आणि नऊला १,०२०. बाहेरचे ४३० दोन्हीतून वजा करा: १,०७० आणि ५९०. पहिल्याला दुसऱ्याने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या. तो येतो ०.६. म्हणजे तासाला ०.६ वेळा बदल, ९०,००० घनफुटांना ९०० सीएफएम. दुपारच्या आकड्यावरून काढलेलं उत्तर आणि हे उत्तर जुळलं की मोजमापावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फॉल्स सीलिंगवरची पोकळी रिटर्न हवेसाठी वापरली असेल तर तिचंही आकारमान धरा.

सप्लाय आणि रिटर्न हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या फरकावरून फ्रेश एअरची टक्केवारी काढायची पद्धतही सांगितली जाते. तुमच्या जागेत ती फसेल. दोन एएचयू मिळून २०,००० सीएफएम फिरवत असतील तर त्यात ९०० म्हणजे साडेचार टक्के. दोन्ही आकड्यांत फरक पडेल जेमतेम ६५ पीपीएमचा आणि मीटरची चूकच ५० पीपीएमच्या घरात असते.

हवा कुठे अडते

आता एएचयू रूममध्ये जा. आपल्याकडच्या अनेक इमारतींत ही खोलीच रिटर्न हवेचा मार्ग असते. ऑफिसातली हवा फॉल्स सीलिंगवरून खोलीत येते, बाहेरची हवा लूव्हरमधून किंवा टीएफए (बाहेरचीच हवा गाळून, थंड करून सोडणाऱ्या) युनिटच्या डक्टमधून तिथेच सोडलेली असते आणि एएचयू दोन्ही ओढून घेतो. त्यामुळे खोलीत जे ठेवाल ते ऑफिसभर जातं. हाउसकीपिंगचे ओले मॉप, फिनाइलचे कॅन, पुठ्ठ्याची खोकी, जुनी कार्पेट हे सगळं तिथे सापडतं, आणि कुबट वासाचा निम्मा उलगडा बऱ्याचदा तिथेच होतो. खोली रिकामी करून घ्या आणि पुन्हा काही ठेवू नका.

दार बंद असतं का ते पाहा. बाहेरची हवा पंख्याशिवाय नुसत्या लूव्हरमधून येत असेल तर तिला आत ओढायला खोलीत हलकं निर्वात लागतं. दार उघडं राहिलं की एएचयू लॉबीतली हवा ओढतो आणि लूव्हर नुसता शोभेला उरतो. तपासायला टिश्यू पेपरची पट्टी लूव्हरपुढे धरा. ती आत खेचली जायला हवी. उदबत्तीचा धूर जास्त स्पष्ट दिसतो, पण स्मोक डिटेक्टर जवळ असतो, म्हणून आधी फायर कंट्रोल रूमला कळवा.

मग लूव्हरच्या मागे टॉर्च मारा. डास येऊ नयेत म्हणून लावलेली बारीक जाळी धुळीने आणि कबुतरांच्या पिसांनी बंद झालेली असते. काही ठिकाणी उन्हाळ्यात एसी पुरेना म्हणून कोणीतरी लूव्हरवर थर्माकोल किंवा प्लायवुड ठोकलेलं असतं आणि ते तसंच राहिलेलं असतं. बारीक जाळी काढून १२ मिलिमीटरची पक्षीजाळी लावा, धूळ अडवायचं काम फिल्टरला करू द्या. कबुतरांची विष्ठा असेल तर कोरडी झाडू नका. पाणी मारून, मास्क लावूनच काढायची.

डँपरचं (डक्टमधल्या हवेच्या झडपेचं) असं असतं की बीएमएसवर दिसणारे १०० टक्के म्हणजे पाती फिरवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला दिलेला सिग्नल. पाती उघडली की नाही हे तो सांगत नाही. दांडीचा स्क्रू सैल झाला की मोटर फिरते आणि पाती जागीच राहतात. म्हणून बीएमएसवरून ० आणि १०० देऊन प्रत्यक्ष पात्यांकडे बघायचं. डक्टमधला मोटराइज्ड फायर डँपरही तपासा. फायर ड्रिलमध्ये तो बंद होतो आणि रीसेट करायचं राहून गेलं तर महिनोन्महिने बंदच राहतो.

टीएफए असेल तर त्याच्या व्हीएफडीवर (पंख्याचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) किती हर्ट्झ आहेत ते वाचा. वीजबिल कमी करायला तो २५ वर आणून ठेवलेला सर्रास दिसतो. ५० हर्ट्झला जेवढी हवा येते त्याच्या निम्मीच तिथे मिळते. पट्टा सैल असेल तर त्याहूनही कमी.

एवढं झाल्यावर एक्झॉस्टचा हिशेब मांडा. टॉयलेट आणि पँट्री मिळून १,१०० सीएफएम बाहेर फेकत असतील आणि आत ९०० येत असतील तर उरलेले २०० सीएफएम फटींतून, लिफ्टच्या शाफ्टमधून, बेसमेंट पार्किंगमधून येणार. गाळलेले नाहीत, थंड केलेले नाहीत, पावसाळ्यात ओलेचिंब. ऑफिसच्या मुख्य दाराच्या फटीशी टिश्यू धरा. ती आत ओढली गेली तर जागा निर्वातात आहे. आत येणारी हवा एक्झॉस्टपेक्षा किमान ५ ते १० टक्के जास्त हवी.

शेवटी गच्चीवरचं इनटेक. कूलिंग टॉवरच्या हवेच्या मार्गापासून ते किमान साडेसात मीटर दूर असावं आणि कचऱ्याच्या खोलीपासून ५ मीटर. डीजी सेटची (जनरेटरची) चिमणी वाऱ्याच्या दिशेला येत असेल तर साप्ताहिक चाचणीच्या वेळी टीएफए बंद राहील असं वेळापत्रक करा. आठवड्यातल्या ठरावीक वारी सकाळी धुराचा वास येतो, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

पावसाळा

इथेच सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

मुंबईच्या जुलैत बाहेरचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटू लागतं ते) २४-२५ अंश असतो. त्या हवेतले १,००० सीएफएम आत घेतले की तासाला जवळजवळ २० लिटर पाणी आत येतं आणि ते एएचयूतल्या थंड पाण्याच्या कॉइलवर काढावं लागतं. थंड करायचा भार पडतो सुमारे ५ टन. पुण्याच्या एप्रिलात ४० अंशांची कोरडी हवा तेवढीच घेतली तर भार दोन-सव्वादोन टन. पण पुण्याच्याच जुलैत २६ अंशांच्या पावसाळी हवेला तीन-सव्वातीन टन लागतात. बाहेर गारवा आहे म्हणून चिलर (कॉइलचं पाणी थंड करणारं यंत्र) कमी करणारा ऑपरेटर इथे फसतो.

एएचयूच्या कॉइलला थंड पाणी देणारा वाल्व्ह रिटर्न हवेच्या तापमानावर चालतो. पावसाळी दिवशी आत उष्णता कमी, २४ अंश लगेच गाठले जातात, वाल्व्ह २०-३० टक्क्यांवर मिटतो आणि कॉइलमधून निघणारी हवा १६-१७ अंशांवर येते. एवढ्या कोमट कॉइलवर पाणी नीट निघत नाही. तापमान बरोबर, पण आर्द्रता ७० ते ७५ टक्के. लोकांना चिकट वाटतं, ते थर्मोस्टॅट २१ वर नेतात, पृष्ठभाग आणखी गार होतात आणि आतला दवबिंदू ओलांडला की कपाटांच्या पाठी, फायली आणि कार्पेटच्या खालच्या बाजूला बुरशी धरते.

उपाय क्रमाने. जून ते सप्टेंबर चिलरचं पाणी ७ अंशांवरच ठेवा, बचतीसाठी १० वर नेऊ नका. आतली उष्णता कमी झाली की आधी एएचयूचा पंखा व्हीएफडीने मंद करा, वाल्व्ह नंतर मिटू द्या. हवा सावकाश गेली की कॉइल गार राहते आणि पाणी निघतं. बाहेरची हवा शक्यतो टीएफएच्या स्वतंत्र कॉइलवर १२-१३ अंशांपर्यंत आणून, तिचा ओलावा तिथेच काढून मग आत सोडा. नुसत्या लूव्हरवर चालणाऱ्या जागेत २,००० सीएफएम आणायचे असतील तर माझा सल्ला एनर्जी रिकव्हरी व्हीलसह टीएफए घ्यावा असाच आहे. बाहेर जाणाऱ्या कोरड्या हवेशी देवघेव होऊन भार निम्म्याहून कमी होतो. टॉयलेटची हवा मात्र व्हीलमधून नेऊ नका. सील झिजले की थोडी हवा आत मिसळतेच.

ध्येय ठेवा ५० ते ६० टक्के आर्द्रता आणि आतला दवबिंदू १५.५ अंशांच्या खाली.

रात्रीचं वेळापत्रक आजच तपासा. चिलर आठला बंद आणि टीएफएचा पंखा अकरापर्यंत चालू, हा प्रकार फार सर्रास आहे. तीन तास गार भिंतींवर ओली हवा सोडली जाते. चिलर बंद तर टीएफए बंद. सकाळी उलट क्रम: आधी एएचयू आणि चिलर चालवून अर्धा-पाऊण तास आतली हवा कोरडी करा, मग टीएफए सोडा.

आता ड्रेन पॅन, म्हणजे कॉइलखालचं पाणी गोळा करणारं तबक. कुबट वासाचा दुसरा निम्मा भाग इथे असतो. पंखा हवेच्या वाटेवर कॉइलच्या पुढे बसलेला असतो आणि कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे पॅनच्या भागात निर्वात असतं. ड्रेनच्या पाइपला ट्रॅप (पाणी धरून हवा अडवणारा वाकडा भाग) नसेल किंवा उथळ असेल तर पाइपमधून हवा आत ओढली जाते, पाणी बाहेर पडत नाही, पॅन भरून राहतो आणि त्यात शेवाळ धरतं. निर्वात दीड इंच पाण्याइतकं असेल तर पॅनच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत किमान अडीच इंचांचा उतार हवा आणि त्याखाली हवा अडवणारं सव्वा इंच पाणी. पंखा चालू असताना पॅनमध्ये बाटलीभर पाणी ओता. दोन मिनिटांत निचरा झाला पाहिजे. फेब्रुवारी ते मे कॉइलवर पाणी फारसं सुटत नाही, ट्रॅप कोरडा पडतो आणि गटाराचा वास थेट एएचयूत येतो. त्या महिन्यांत आठवड्याला एकदा ट्रॅपमध्ये पाणी ओतायचं काम चेकलिस्टवर घाला.

फॉल्स सीलिंगच्या टाइलवर तपकिरी डाग दिसला की वरचा चिल्ड वॉटर पाइप घामेजतोय. नायट्राइल इन्सुलेशनचा जोड उघडला असेल तिथून ओली हवा शिरते. जोड चिकटवा, भिजलेलं इन्सुलेशन बदला, टाइलही बदला. टाइलवर रंग मारला की बुरशी आतच राहते.

धूळ आणि फिल्टर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्या-मुंबईत बाहेरची पीएम २.५ (हवेतली अतिसूक्ष्म धूळ) चढते. आपल्या राष्ट्रीय मानकात २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळीत १५. ऑफिसात २५ च्या खाली ठेवता येतं आणि त्यासाठी मुख्य हत्यार एएचयूतला फिल्टरच आहे. २०,००० सीएफएम म्हणजे आतली सगळी हवा तासाला तेरा वेळा त्यातून जाते. प्युरिफायरचा आवाका याच्या आसपासही नाही.

जी४ या जाड धुळीच्या फिल्टरच्या जागी बारीक कण अडवणारा मर्व्ह १३, म्हणजे जुन्या भाषेत एफ७, बसवायचा सल्ला बरोबर आहे, पण तो तसाच खोचू नका. नवा असतानाच तो ७५ ते १२५ पास्कल अडथळा करतो आणि बदलायच्या वेळी २५०. तुमचा पंखा त्यासाठी निवडलेला नसेल तर हवा कमी होते आणि कोपऱ्यातले लोक गरम होतंय म्हणू लागतात. १२ इंच खोल व्ही आकाराचा फिल्टर घ्या, कारण जास्त क्षेत्रफळामुळे अडथळा कमी राहतो. आधी आणि नंतर मोटरचे अँपिअर व सप्लाय हवेचं मोजमाप घ्या, गरजेनुसार हर्ट्झ किंवा पुली बदला. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबातला फरक दाखवणारा मॅग्नेहेलिक गेज लावा आणि बदलायची तारीख कॅलेंडरवरून न ठरवता गेजवरून ठरवा.

फ्रेम आणि फिल्टर यांच्यातली फट गॅस्केटने बंद करा. हवा नेहमी सोपी वाट धरते, महागडा फिल्टर टाळून फटीतून जाते. फ्रेमच्या कडेने कॉइलवर काळी रेघ दिसत असेल तर तिथून गळती आहे. आणखी एक: प्री-फिल्टर धुता येतो, मर्व्ह १३ धुता येत नाही. प्रेशर जेटखाली धरला की त्यातला स्थिर विद्युतभार जातो आणि तंतू फाकतात. दिसायला स्वच्छ, कामाला शून्य. हाउसकीपिंगला हे लेखी द्या. शेजारी बांधकाम चालू असेल तर प्री-फिल्टर पंधरवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

हिवाळ्यात पहाटेची गार हवा घेऊन चिलर वाचवायचा मोह होतो. पुण्यात तापमान त्याला छान जुळतं, पण तीच वेळ धुराची असते. मर्व्ह १३ नसेल तर तो प्रयोग दुपारीच करा.

मीटिंग रूम

१४० चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसं बसली आणि ताजी हवा अजिबात नसली तर आकडा मिनिटाला ७० ने चढतो. वीस मिनिटांत १,४०० ची भर. नुसता कॅसेट किंवा स्प्लिट एसी असलेल्या खोलीत हेच होतं, कारण तो खोलीतलीच हवा फिरवतो. अशा प्रत्येक खोलीला १५० सीएफएम फ्रेश एअरची शाखा द्या आणि दाराखाली किंवा वर ट्रान्सफर ग्रिल ठेवा, नाहीतर आत गेलेली हवा बाहेर कुठून जाणार? व्हीएव्ही (खोलीत जाणारी हवा कमी-जास्त करणारा डबा) असेल तर खोली गार झाल्यावर तो पूर्ण मिटू नये म्हणून किमान उघडीप ३० टक्के ठेवा.

वास आणि रसायनं

टॉयलेटमधल्या डांबराच्या गोळ्या, स्वयंचलित फ्रेशनर, तीव्र वासाची फिनाइल बंद करा. वास झाकणारी प्रत्येक वस्तू हवेत आणखी रसायन सोडते, आणि टॉयलेटचा एक्झॉस्ट नीट चालला तर त्यांची गरज पडत नाही. नवं इंटिरिअर केलं असेल तर प्लायवुड, गोंद, कार्पेटमधून वायू सुटत राहतात. लीड या हरित इमारतींच्या प्रमाणपत्राच्या पद्धतीत दर चौरस फुटाला १४,००० घनफूट बाहेरची हवा फिरवायला सांगितलं आहे. तुमच्या ९०० सीएफएमने त्याला शंभरहून अधिक दिवस लागले असते. म्हणून हे काम २,००० सीएफएम आल्यावर, ऑक्टोबर ते मे या काळात, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री चालवून करावं. पावसाळ्यात नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे

प्युरिफायर कण गाळतो, कार्बन डायऑक्साइडला हात लावत नाही. म्हणून आकडा हलला नाही, यंत्रं बिघडलेली नाहीत. ती छोट्या मीटिंग रूममध्ये हलवा. आयोनायझरची शिफारस मी करत नाही. काही मॉडेल ओझोन सोडतात, आणि तुमचा प्रश्न त्यांच्या आवाक्यातला नाही. डक्टच्या आत बुरशी किंवा सुटी धूळ प्रत्यक्ष दिसली तरच डक्ट क्लीनिंग करा. त्याआधी कॉइल आणि ड्रेन पॅन धुवा. कॉइलला न्यूट्रल केमिकल वापरा, तीव्र अल्कलीने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या खातात.

व्यवस्थापनाला खर्च विचारायचा असेल तर हा हिशेब द्या. ९०० वरून २,००० सीएफएमवर गेलात की पावसाळ्यात भार साडेतीन टनांनी वाढतो. टनाला सव्वा किलोवॉटच्या आत धरलं तर तासाला चार युनिट, दहा तासांना चाळीस. १२ रुपये दराने ४८० रुपये, म्हणजे माणशी रोज ४ रुपये. व्हील बसवलं तर त्याहून कमी.

कामाचा क्रम असा लावा: पहिल्या आठवड्यात एएचयू रूम, लूव्हर, डँपर, व्हीएफडी, वेळापत्रक आणि ड्रेन. यातलं बहुतेक काम सध्याच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) होतं. मग पुन्हा उतार मोजा. ९०० चे १,४००-१,५०० झाले तर उरलेल्या हवेसाठी टीएफएचा अंदाज मागवा, पावसाळ्यापूर्वी बसेल असा. फिल्टर दिवाळीच्या आधी. एएमसीच्या पुढच्या करारात "फिल्टर साफ केले" एवढ्या ओळीवर सही करू नका. त्यात दर तिमाहीला फ्रेश एअरचे सीएफएम, फिल्टरवरचे पास्कल, दुपारी चारचा आठ ठिकाणचा कार्बन डायऑक्साइड आणि आर्द्रता, हे आकडे मीटरच्या कॅलिब्रेशनच्या तारखेसह मागा, आणि १,१०० पीपीएम किंवा ६५ टक्के आर्द्रता ओलांडली तर सात दिवसांत कारण लेखी देण्याची अट घाला.